हवामानाचे खटले ‘श्रीमंतांचे उद्योग’ नाहीत

हवामान बदलाबद्दल कुठल्याही न्यायालयाचा निकाल आला की एक मजकूर पुन्हा फिरायला लागतो. असे खटले म्हणजे श्रीमंत देशांतल्या संस्थांचे उद्योग, न्यायाधीशांना सरकार चालवायची हौस, निकाल कागदावरच राहतात आणि अमलात आलेच तर धंदे बुडतात, असा त्याचा सूर.

श्रीमंतांचे उद्योग? असगर लेघारी हा पाकिस्तानातला शेतकरी. 2015 मध्ये तो लाहोर उच्च न्यायालयात गेला. मागणी साधी होती : सरकारने 2012 मध्ये हवामान धोरण आखलं, पुढे त्याचा आराखडाही काढला, आता तो अमलात आणा. न्या. मन्सूर अली शाह यांनी अधिकाऱ्यांना बोलावून विचारलं, काय काय केलंत? दाखवण्यासारखं फारसं काही निघालं नाही. मग प्रत्येक संबंधित खात्याला एक जबाबदार अधिकारी नेमावा लागला, कामांची यादी द्यावी लागली आणि देखरेखीला आयोग बसला. प्राधान्याच्या कामांपैकी सुमारे 66 टक्के झाल्याची नोंद 2018 च्या निकालात आहे. हा निकाल कागदावर राहिला, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

आणि यात न्यायाधीशांनी सरकार चालवलं कुठे? धोरण सरकारचं, आराखडाही सरकारचाच. दिलेला शब्द पाळा, एवढंच न्यायालयाने सांगितलं.

धंदे बुडण्याची भीती मात्र मला खोटी वाटत नाही. रोजगार जातो तेव्हा घर हलतं. म्हणून नेदरलँड्सकडे नीट बघायला हवं. 1990 च्या तुलनेत 2020 अखेर तापमान वाढवणाऱ्या वायूंचं उत्सर्जन किमान 25 टक्के कमी करा, असा आदेश तिथल्या न्यायालयाने 2015 मध्ये दिला. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. कसं करायचं, हे सरकारवर सोडलं. सरकारने अ‍ॅमस्टरडॅमचं हेमवेग कोळसा वीजकेंद्र ठरल्यापेक्षा लवकर, 2019 मध्येच बंद केलं, पण कंपनीला भरपाई दिली आणि कोळशावर पोट असलेल्या कामगारांसाठी निधी ठेवला. 2020 मध्ये लक्ष्य गाठलं गेलं. त्यात कोविडच्या टाळेबंदीचाही हात होता, हे मान्यच.

राहिला प्रश्न हरलेल्या खटल्यांचा. पेरूच्या वाराझ शहरातल्या साउल लुसियानो लियुया या शेतकऱ्याने जर्मनीच्या आरडब्ल्यूई वीजकंपनीवर दावा लावला होता. कंपनीच्या उत्सर्जनाने तापमान वाढतं, बर्फ वितळतो आणि वरच्या हिमतलावाचा पूर घरावर येईल, ही त्याची धास्ती. मे 2025 मध्ये तो हरला, कारण त्याच्या घराला असलेला धोका पुरेसा मोठा ठरला नाही. पण मोठ्या प्रदूषकाला अशा हानीसाठी तत्त्वतः जबाबदार धरता येतं, हे त्याच निकालात आहे.

आपल्याकडे माळढोक पक्षी वाचवण्यासाठीच्या खटल्यात 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद 14 (समानता) आणि 21 (जगण्याचा हक्क) मध्ये मानला. यासाठी देशात एकत्रित कायदा नाही, हेही नोंदवलं. न्यायालयांनी यात पडू नये असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी तो कायदा संसदेकडे मागावा. माझीही मागणी तीच आहे.