आरोपी रबर नाही, पट्टी आहे

नमस्कार,

सायकलच्या हँडलवर कॅमेरा बसवायचा घरगुती माउंट मी लेखात दाखवला होता, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा पाना हातात घेतला. तुमचं म्हणणं असं: क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबचं रबर घातलं ही घोडचूक. दुपारच्या उन्हात ते मऊ पडतं, म्हणून माझं दुपारचं चित्रण जेलीसारखं थरथरतं आणि पहाटेचं थरथरत नाही. शिवाय हा जुगाड एक दिवस सुटून पुढच्या चाकात जाणार.

निरीक्षण अचूक आहे, आरोपी चुकलाय. या कॅमेऱ्यांचा सेन्सर अख्खं चित्र एका क्षणात टिपत नाही, एकेक ओळ वाचत जातो. तेवढ्यात कॅमेरा हलला की वरची ओळ एका जागची आणि खालची दुसऱ्या, मग सरळसोट खांबसुद्धा नागमोडी दिसतो. पहाटे उजेड कमी असल्याने शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि थरथर पुसट होऊन लपते. भर उन्हात ते सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ उघडतं. प्रत्येक ओळ धारदार येते, हादरा जसाच्या तसा उमटतो. म्हणजे पहाटेही तो होताच, दिसत नव्हता इतकंच. खात्रीसाठी भर दुपारी एकाच रस्त्यावर दोन फेऱ्या मारल्या, एक तशीच आणि दुसरी लेन्सवर एनडी फिल्टरची काळी काच लावून, म्हणजे आत उजेड कमी जातो आणि शटर जास्त वेळ उघडं राहतं. रबर तेच, ऊन तेच, पण काचेने जेली बरीच ओसरली.

अर्थात काचेने हादरा झाकला, थांबवला नाही. तो येत होता पट्टीतून. ब्रेकच्या वायरी चित्रात नकोत म्हणून कॅमेरा धरणारी ॲल्युमिनियमची पट्टी मी हँडलपासून तब्बल ११ सेंटीमीटर बाहेर काढली होती. हौस नडली. एका टोकाला आवळलेल्या पट्टीची लांबी निम्मी केली की टोकावरच्या तेवढ्याच वजनाने ती आठपट कमी वाकते. आता साडेपाच ठेवली आहे. वायरी दिसतात, दिसू देत.

रबर काढून धातूवर धातू आवळायचा तुमचा सल्ला मात्र कृपा करून कोणी पाळू नका, कार्बनच्या हँडलवर तर मुळीच नको. तिथे जास्त आवळणं म्हणजे तड्याला आमंत्रण. ट्यूबचा एकच पातळ थर हादरे शोषायला नसतो, क्लॅम्प घसरू नये म्हणून असतो. तीन-चार थर गुंडाळले असते तर तुमचं म्हणणं मान्य केलं असतं.

बोल्टबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत, पण खरी घोडचूक तिथे झाली होती. कॅमेरा बसवायचा ट्रायपॉडचा आटा पाव इंची, इंचाला २० फेऱ्यांचा. त्यात ६ मिलिमीटरचा बोल्ट शिरतो, बसल्यासारखा वाटतो आणि आटे खाऊन टाकतो. कॅमेऱ्याची एक फ्रेम अशी वाया घालवली, तेव्हा कळलं.

चाकाचं म्हणाल तर कान पकडतो. लेखात साधा नट दाखवला होता, तो हादऱ्यांनी सैल होतो. आता नायलॉक नट आहे (आत नायलॉनचं कडं असलेला, सहज सैल न होणारा), आणि कॅमेऱ्यापासून स्टेमपर्यंत, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या भागापर्यंत, वेगळी दोरी. दोरी आखूडच हवी. पहिली बांधली ती इतकी ऐसपैस होती की सुटलेला कॅमेरा थेट स्पोकांत पोचला असता.

विकतचा माउंट घ्यायचा की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. मला कानस चालवायला आवडतं.