तीन रिकाम्या पेट्या: निफाडच्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई.

तुमचा रिव्ह्यू वाचला. एक तारा आणि खाली पाच तक्रारी. जुलैत माझ्या दुकानातून घेतलेल्या मधमाश्यांच्या पाच पेट्यांपैकी तीन ऑगस्ट संपायच्या आत रिकाम्या झाल्या. द्राक्षाचं उत्पादन वाढेल म्हणून त्या तुमच्या गळ्यात मारल्या. माश्या मुळातच आजारी होत्या. मध चमचाभरही मिळाला नाही. आणि दुकानाचा फोन कुणी उचलत नाही. फोनचं आधी सांगतो, कारण त्यात सारवासारव करण्यासारखं काही नाही. तुमचे तीन मिस कॉल दिसतात, मी उलटा फोन केला नाही. चुकलं.

द्राक्षाबद्दल दुकानातल्या पोराला विचारलं. तो तसं बोलला होता. दुकान माझं, तेव्हा शब्दही माझाच धरा, आणि तो खोटा होता. थॉमसनसारख्या बिनबियांच्या द्राक्षाला फळ धरायला माशीची गरज नसते. फूल आपलं आपणच फळतं, पुढचं काम आपण जीएवर, म्हणजे मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक आम्लावर करतो. पाच पेट्या ठेवा नाहीतर पन्नास, घडात एक मणी जास्तीचा भरणार नाही. माशीचा उपयोग तुमच्याकडे आहे, पण तो विहिरीपलीकडे तुम्ही दरवर्षी बियाण्यासाठी कांद्याचे डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, वाढवता तिथे. कांद्याच्या फुलात पराग आधी झडतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो. म्हणून एका फुलाचा पराग दुसऱ्यावर कुणीतरी न्यावाच लागतो, तेव्हा कुठे बी भरतं. त्यातही मेख आहे. कांद्याचं फूल माशीला फारसं आवडत नाही. शेजारी मोहरी नाहीतर कोथिंबीर फुललेली असली की ती आधी तिकडे पळते. त्यामुळे पेट्या डेंगळे फुलायला लागल्यावरच आणायच्या, महिनाभर आधी आणून ठेवायच्या नाहीत.

आजारी माश्या विकल्या, हे मात्र मला मान्य नाही. गेल्या गुरुवारी तुमच्या बांधावर आलो तेव्हा तिन्ही रिकाम्या पेट्यांच्या फ्रेमा एकेक करून उन्हाकडे धरून पाहिल्या, तुम्ही शेजारीच होतात. सॅकब्रूड हा अळ्यांचा रोग असता तर घरांत पिशवीसारख्या फुगून मेलेल्या अळ्या सापडल्या असत्या. फवारणीचं विष असतं तर पेटीच्या तोंडाशी मेलेल्या माश्यांचा सडा पडला असता, कित्येकींच्या जिभा बाहेर आलेल्या दिसल्या असत्या. यातलं काही नव्हतं. घरं कोरडी ठणठणीत, पोळ्याच्या वरच्या कडेला जिथे मधाचा साठा असतो तिथे थेंब नाही, अंडं नाही, अळी नाही. माश्या मेल्या नाहीत ताई, उठून गेल्या. सातेरीची, म्हणजे पेटीतल्या आपल्या देशी माशीची, ही जातच अशी. खायला नसेल, मुंग्या त्रास देत असतील, तर राणीसकट सगळं बिऱ्हाड उचलते आणि जाते.

तुम्ही मोबाइलवर मक्याचे फोटो दाखवलेत, तुऱ्यावर माश्याच माश्या, आणि म्हणालात की चारी बाजूंनी मका उभा असताना उपाशी कशा राहतील? ही चूक चार-पाच वर्षं पेट्या सांभाळलेला माणूसही करतो. मी केली आहे. मक्याच्या तुऱ्यात पराग असतो, मकरंद नसतो. पराग म्हणजे पिल्लांचं खाणं. उडायला जी साखर लागते ती मकरंदातून येते. घरात डाळ भरपूर आणि ज्वारीचा दाणा नाही, तशी गत. निफाडच्या पट्ट्यात पावसाळाभर हीच स्थिती असते, आणि म्हणूनच तेवढे दिवस साखरपाणी द्यावं लागतं.

ते तुम्ही दिलंत, पण गुळाचं, आणि ताटलीत घालून पेटीबाहेर. गुळाने माशीला हगवण लागते. उघड्या ताटलीवर आधी मुंग्या येतात, मग शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटालूट करायला येतात. साखर आणि पाणी सम प्रमाणात, उकळून गार केलेलं, संध्याकाळी, पेटीच्या आत ठेवायचं. पेटीमागे आठवड्याला साधारण २०० ग्रॅम साखर धरा. पण यात तुमचा दोष काढायला मला तोंड नाही. आम्ही पावतीच्या मागे ‘गरजेनुसार खाद्य द्यावे’ एवढंच छापलं होतं. गरज कधीची आणि खाद्य कसलं, ते काय स्वप्नात दिसणार?

खरी चूक त्याच्याही आधीची आहे. पहिल्यांदा पेटी घेणाऱ्याला जुलैत पेटी विकायचीच नसते, आणि पाच तर मुळीच नाही. दोन पुरतात. एक अशक्त झाली तर दुसरीतली पिलाव्याची, म्हणजे अंडी-अळ्यांची, फ्रेम देऊन ती सावरता येते. हे मला ठाऊक होतं. पावसाळ्यात गल्ला रिकामा असतो, गिऱ्हाईक आलं, पोराने विकलं, मीही संध्याकाळी हिशेब बघून खूश झालो.

मध चमचाभरही मिळाला नाही, असंही तुम्ही लिहिलंय. पहिल्या वर्षी काढायचाच नसतो. पुढेही सातेरीच्या पेटीने वर्षाला पाच-सात किलो दिला तरी उत्तम समजा. जास्त मध हवा तर मेलीफेरा, म्हणजे इटालियन माशी, पाळावी लागते, आणि ती पाळायची म्हणजे फुलोऱ्यामागे ट्रक घेऊन फिरणं आलं. दीड एकरवाल्याने त्या फंदात पडू नये, असं माझं मत.

आता काय करायचं ते. उरलेल्या दोन पेट्या मी रविवारी रात्री, माश्या आत आल्यावर, तोंडाला जाळी लावून पेठ तालुक्याच्या बाजूला नेतो. तिकडे खुरासणी फुलायला आली आहे, पोट भरेल. दिवाळीला त्या परत मागू नका. ऑक्टोबर छाटणी झाली की तुमच्या आणि शेजारच्या बागांत फवारण्या सुरू होतात, तेव्हा तिथे माशी ठेवणं म्हणजे तिला मारणं. जानेवारी संपताना, काढणीच्या तोंडावर फवारे थांबले आणि डेंगळे फुलू लागले, की पाचही पेट्या भरून आणतो. तीन नव्या वसाहतींचे पैसे घेणार नाही. पैसेच परत हवे असतील तर तसं सांगा, तीन पेट्यांचे देतो.

तोवर एक काम तुमच्याकडे. रिकाम्या पेट्यांपैकी मधलीत मेणकिड्याची पांढरी जाळी धरलेली मला दिसली. ती पोळी आजच काढून जाळा, नाहीतर बाकीच्या दोन्हीतही किडा पसरेल. लाकडी पेट्या खरवडून दोन दिवस कडक उन्हात उलट्या ठेवा. आणि स्टँडच्या पायांखालच्या वाट्या, ज्यांत चिंचेचा पाला साचून मुंग्यांना आयता पूल झाला होता, त्या धुऊन ठेवा. पाणी जानेवारीत भरू.