थानप्पाला सस्पेंड करा म्हणे!

आज सकाळी घरच्या ग्रुपवर कुणीतरी 'मालगुडी डेज'मधला 'मिसिंग मेल' टाकला. शंकर नागनं दूरदर्शनसाठी केलेली ती मालिका, आमच्या लहानपणचा ऐवज. खाली भाच्याची कमेंट: "हा सरळ क्राइम आहे, पोस्टमनला सस्पेंड करायला हवं." त्यावर तीन अंगठे!

डोकंच फिरलं.

गोष्ट आठवते ना? थानप्पा पोस्टमन, अख्खी आळी त्याच्या ओळखीची. रामानुजमच्या मुलीचं स्थळही त्यानंच सुचवलेलं. मुहूर्त एकच, तो हुकला तर मुलगा ट्रेनिंगला जाणार, म्हणजे तीन वर्षं गेली. नेमकं तेव्हाच काका अत्यवस्थ असल्याचं कार्ड येतं, मग गेल्याची तार. थानप्पा दोन्ही दाबून ठेवतो. लग्न उरकल्यावर आपणहून नेऊन देतो, नोकरी जाईल हे माहीत असून. सस्पेंड म्हणे!

आमच्या गावचा पोस्टमन असाच. १९८२ साल, मुंबईत गिरण्यांचा संप. काकाची मनीऑर्डर थांबलेली. आजीला अक्षर येत नव्हतं, पत्र पोस्टमनच पडवीत बसून वाचायचा. काकानं लिहिलं होतं की खानावळीची उधारी झालीय, काम सुटल्यातच जमा. पोस्टमननं वाचलं, "मी बरा आहे, पैसे पुढच्या महिन्यात." खरं काय ते आजोबांना बेड्याजवळ, म्हणजे कुंपणाच्या फाटकापाशी नेऊन सांगितलं.

तेव्हाच्या, १८९८ च्या कायद्यानं टपाल अडवणं गुन्हाच होतं. वाईट हेतूनं कुणी अडवलं तर काय, हेही खरं. बरं, मान्य.

पण ज्यांच्या दारात 'घर बंद होतं' असा मेसेज घरात बसलेलं असताना येतो, त्यांनी थानप्पाला नियम शिकवावेत? तार २०१३ मध्ये गेली, २०२५ मध्ये रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात विरघळलं. आता पत्र दाबून ठेवण्याइतकं तुम्हाला ओळखतं कोण?

जाऊ दे. भाचा पोरगा चांगला आहे. पुढचं त्याला कधी सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी आजीनं तेच पत्र माझ्यापुढे धरलं. मी तिसरीत. अडखळत सगळं वाचलं, 'उधारी'सकट. ती काही वेळ चुलीकडे बघत बसली. मग पत्र घडी घालून कनवटीला लावलं आणि म्हणाली, "पोस्टमनाक सांगा नको हां. तेका वाईट वाटात."