टॉवेलवाल्याचं उत्तर

सुभेदारसाहेब, रामराम.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा लक्षात आलं, माझं एक वाक्य तुम्ही नेमकं धरलंय. मागच्या लेखात मी ठोकून दिलं होतं की युद्धाच्या काळात टीव्हीवरची प्रत्येक थाप आगीत तेल ओतते. तुम्ही विचारलंत, मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान लढाईत रात्रंदिवस थापा चालल्या, मग चार दिवसांत थांबलं कसं? वर टोला हाणलात, की लढाईत आपल्याच बाजूनं बोलायचं असतं आणि सोलापुरात बसून टॉवेल विणणाऱ्यानं फौजेला अक्कल शिकवू नये.

टॉवेल विणतो, खरं आहे. फौजेला काही शिकवलं नव्हतं, चॅनेलवाल्यांबद्दल लिहिलं होतं. पण ‘प्रत्येक’ हा शब्द मागे घेतो. इतकंच नाही, तुमच्या बाजूचा पुरावा मीच देतो.

जानेवारी २०२०. अमेरिकेनं इराणचा बडा सेनानी कासिम सुलेमानीला मारलं. ८ तारखेला इराणनं इराकमधल्या ऐन अल-असद तळावर क्षेपणास्त्रं डागली, तीही इराकच्या कानावर आधी घालून. इराणी टीव्हीनं सांगितलं, ८० अमेरिकी ठार. अमेरिकेनं सांगितलं, एकालाही काही झालं नाही. पहिलं खोटं होतं आणि दुसरंही पुरतं खरं नव्हतं, कारण पुढे शंभरावर सैनिकांच्या मेंदूला इजा झाल्याचं बाहेर आलं. पण त्या रात्री दोघांनाही घरी जाऊन मिशीला पीळ देता आला आणि भांडण तिथंच थांबलं. थाप कधीकधी खाली उतरायची शिडी होते, हे तुमचं खरं.

पण त्याच पहाटे तेहरानजवळ इराणच्याच हवाई संरक्षण दलानं युक्रेनचं प्रवासी विमान पाडलं. १७६ माणसं गेली. तीन दिवस ‘आम्ही नाही’ म्हणाले, मग कबूल केलं. तेव्हा त्यांचेच लोक रस्त्यावर उतरले.

आता मे २०२५. ८ तारखेच्या रात्रीचं सांगतो. अक्कलकोट रोडला आमचे माग आहेत, रात्रपाळी चालू होती. दोन माग बंद दिसले. धोटा अडकला असेल म्हणून गेलो, तर जॉबर (माग दुरुस्त करणारा) आणि तिघं कामगार एका मोबाईलवर डोकी घालून उभे. बाकीच्या मागांच्या खडखडाटातही सायरन ऐकू येत होता. तो कुठल्या गावचा नव्हता, स्टुडिओतला होता. (पुढे सरकारनंच चॅनेलना बजावलं की हा आवाज वापरू नका, लोक खऱ्या सायरनलाही दाद देईनासे होतील.) पडद्यावर कराची बंदर जळत होतं, इस्लामाबाद पडलं होतं. जॉबरचा पुतण्या फौजेत, पठाणकोटकडे आहे, संध्याकाळपासून फोन लागत नव्हता. जॉबर मला म्हणाला, “मालक, कराची गेली म्हणजे संपलंच ना? आता पोराला सुट्टी मिळंल.”

मी काय बोलणार? सकाळी कराची जागेवरच होती.

माझा मुद्दा इथं आहे. ७ तारखेला सरकार काय म्हणालं होतं ते आठवा. नऊ ठिकाणी मारा केला, मोजून केला, पाकिस्तानी लष्कराच्या ठाण्यांना हात लावला नाही, चिघळवायचं नाही. म्हणजे सरकार शिडी हातात धरून होतं. आणि पडद्यावरचे लोक त्याच वेळी प्रेक्षकांना गच्चीवर चढवत होते. १० तारखेला परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी सांगितलं, पाकिस्तानच्या डीजीएमओचा (लष्करी कारवायांच्या महासंचालकाचा) ३ वाजून ३५ मिनिटांनी फोन आला, ५ वाजल्यापासून गोळीबार बंद. पुढे काय झालं? ज्यांना इस्लामाबाद मिळालं होतं त्यांना ते परत द्यावं लागल्यासारखं वाटलं. शिव्या मिस्रींना पडल्या, त्यांच्या मुलीलाही सोडलं नाही, त्यांना आपलं एक्सवरचं खातं बाहेरच्यांना दिसणार नाही असं करून घ्यावं लागलं. निरोप सांगणाऱ्या अधिकाऱ्यावर ही पाळी! हे सगळं चॅनेलमुळेच झालं असं मी म्हणत नाही. पण थांबलं ते थापांमुळे नाही, थापा असूनही थांबलं. पुढच्या वेळी फोन उचलणारा या शिव्या आठवेल, याची मला धास्ती आहे.

गनिमी कावा गनिमाला फसवायला होता, रयतेला नाही. यावर जास्त लिहीत नाही.

सरकारनं गप्प राहावं, हे मला मान्य आहे. विमानं पडल्याचं सरसेनाध्यक्ष अनिल चौहान यांनी ३१ मेला सिंगापूरमध्ये सांगितलं, आकडा तेव्हाही दिला नाही. चालेल. गप्प राहणं वेगळं आणि थाप मारणं वेगळं.

तुम्ही शेवटी चिडून विचारलंत, मग बघायचं काय? मी एवढंच करतो : रात्रीची बातमी सकाळी बघतो. आणि जो स्वतःच्या तोट्याची गोष्ट कबूल करतो, त्याच्यावर थोडा जास्त विश्वास ठेवतो. माल परत आला तर ‘डाग आमच्याच मागावर पडला’ म्हणणाऱ्या कारखानदाराला बाजारात जे उधार मिळतं, तसं.

तुम्ही कारगिलला होतात असं लिहिलंय, म्हणून एक विचारतो. पाकिस्तान तेव्हा म्हणत होतं, वर आमचे सैनिक नाहीतच, मुजाहिदीन आहेत. त्या थापेपायी त्यांनी आपल्याच बहुतेक जवानांचे मृतदेह घेतले नाहीत. आपल्या फौजेनं त्यांना तिथंच दफन केलं. २०१० मध्ये त्यांच्याच लष्कराच्या संकेतस्थळावर ४५३ नावं आली. तुम्ही वर असताना त्या मृतदेहांच्या खिशात काय सापडायचं, पत्रं, पगाराची पुस्तकं? आणि रेडिओवर त्या दिवशी काय सांगत होते? सवडीनं लिहा. मी इथंच छापतो, एक शब्द न बदलता.