मालकांची यादी म्हणजे घराचा इतिहास नव्हे

जुन्या घराचा मागोवा घेणारी बहुतेक माणसं मालकांच्या यादीपाशी थांबतात. अमक्याने बांधलं, त्याच्या मुलाने तमक्याला विकलं, तमक्याच्या नातवाकडून आपण घेतलं, झालं. मला हे अजिबात पटत नाही. एवढ्यावरून त्या घराचे व्यवहार कळतात, घर कळत नाही. मालकाने कदाचित तिथे एक रात्रही काढलेली नसते. आणि ज्या भाडेकरू कुटुंबाच्या तीन पिढ्या त्याच छपराखाली जन्मल्या, त्यांचं नाव एकाही खरेदीखतात सापडत नाही.

मालक शोधणं त्यामानाने सोपं असतं. चिकाटी लागते, पण वाट आखलेली असते. हातातल्या खरेदीखतापासून मागे मागे जायचं. विकणाऱ्याकडे घर कसं आलं हे बहुतेक खतांत लिहिलेलं असतं: विकत, वारसाने, वाटणीत, बक्षीस म्हणून. त्या एका वाक्यावरून आधीचा दस्त कुठे शोधायचा ते कळतं. मधला दुवा तुटला असेल, तर बऱ्याचदा तिथे कोणाचा तरी मृत्यू झालेला असतो. मग मृत्युपत्र किंवा वारसांमधला दावा शोधावा. भावाभावांत कोर्टकचेरी झालेलं घर म्हणजे शोधणाऱ्यासाठी खजिनाच. जिना कोणाचा, माडीवर कोण राहतं, मागच्या दाराची किल्ली कोणाकडे, सगळं शपथेवर सांगितलेलं मिळतं.

घर क्रमांकावर मात्र विसंबू नका. शिकागो शहराने १९०९ मध्ये घरांना नव्याने क्रमांक दिले. त्याआधीच्या कागदावरचा क्रमांक घेऊन आजच्या रस्त्यावर गेलात, तर भलत्याच दारासमोर उभे राहाल. क्रमांक बदलतात, रस्त्यांची नावं बदलतात. जमिनीच्या तुकड्याचा नकाशा त्यामानाने टिकतो. म्हणून आधी नकाशावर घर पक्कं करावं, मग नावांच्या मागे लागावं.

आता मला खरं सांगायचंय ते. खरेदीखतात चतुःसीमा असते: पूर्वेस काय, पश्चिमेस काय, दक्षिणेस कोणाचं घर, उत्तरेस कोणती वाट. आपल्या घराच्या खतात ती आपण वरवर वाचतो. पण शेजाऱ्याचं खत काढून त्याची चतुःसीमा वाचा. तिथे तुमचं घर शेजाऱ्याच्या नजरेतून लिहिलेलं असतं. मी पाहिलेल्या एका जुन्या खतात ‘दक्षिणेस’ या शब्दापुढे एका बाईंचं नाव आणि ‘यांचे राहते घर’ असं लिहिलं होतं. त्या दक्षिणेकडच्या घराच्या स्वतःच्या कागदांत या बाई कुठेच नाहीत. मालक म्हणून कायम दिराचं नाव, पुढे पुतण्याचं. पण गल्ली ते घर बाईंचं म्हणून ओळखत होती, म्हणून शेजाऱ्याचं खत लिहिणाऱ्याने तसंच लिहिलं. शाई फिकी झालीये, ‘राहते’ या शब्दावर घडी पडून कागद विरलाय, तरी नाव स्वच्छ वाचता येतं. त्या बाईंचा लेखी पुरावा माझ्या पाहण्यात तेवढाच आहे. खताखालच्या साक्षीदारांच्या सह्याही अशाच वाचाव्यात. साक्षीला आजूबाजूचीच माणसं उभी राहतात, त्यांत कधी माडीवरचा भाडेकरूही असतो.

कागद करणाऱ्यांनी मनावर घेतलं तर राहणारा माणूसही नोंदला जातो. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८३६ च्या कायद्याने चर्चला द्यायच्या दशांश उत्पन्नाचं रूपांतर रोख रकमेत केलं. त्यासाठी गावोगावचे जे तक्ते झाले, त्यांत जमिनीचा मालक आणि भोगवटादार, म्हणजे ती प्रत्यक्ष वापरणारा, असे दोन वेगळे रकाने आहेत. एक रकाना जादा, आणि हजारो कुळं इतिहासात आली. आयर्लंडच्या १९११ च्या जनगणनेत तर घराचा वेगळा तक्ता होता: भिंती कशाच्या, छप्पर कशाचं, खोल्या किती, पुढच्या बाजूला खिडक्या किती. सोबतच्या कुटुंबाच्या तक्त्यात विवाहित स्त्रियांना लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली आणि त्यांतली किती हयात आहेत, हे विचारलं होतं. हे दोन कागद शेजारी ठेवून वाचले की आवंढा गिळावा लागतो.

ही पानं आहेत म्हणून हे वाचता येतं. आयर्लंडच्या आधीच्या जनगणनांची बहुतेक पानं काही सरकारनेच नष्ट केली, तर काही १९२२ मध्ये डब्लिनच्या अभिलेखागाराच्या आगीत गेली. इंग्लंड-वेल्सची १९३१ ची पानं १९४२ च्या आगीत गेली. उरलेली खुली करण्याचे नियम त्या त्या देशाने केलेत. ब्रिटनमध्ये १०० वर्षांनी, अमेरिकेत ७२ वर्षांनी. म्हणूनच अमेरिकेच्या १९५० च्या नोंदी २०२२ मध्ये लोकांसमोर आल्या.

आपल्याकडे १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे स्थावर मालमत्तेच्या दस्तांचं पुस्तक फी भरून कोणालाही पाहता येतं. पण १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार जनगणनेची नोंद पाहण्याचा हक्क कोणालाच नाही, आणि त्याला मुदतही नाही. गुप्ततेचं कारण मला मान्य आहे. ती हमी असते म्हणूनच माणसं दारात आलेल्या प्रगणकाला खरं सांगतात. पण घरात राहून गेलेली सगळी माणसं वारल्यानंतरही ते दार बंदच का? नोंदी जपाव्यात आणि १०० वर्षांनी खुल्या कराव्यात, ही मागणी कोणीतरी जोर लावून केली पाहिजे. मी माझ्यापुरती इथे करतो आहे.

जर्मन कलाकार गुंटर डेमनिग यांनी १९९२ मध्ये सुरू केलेलं काम राहणाऱ्यांची नोंद ठेवतं, म्हणून मला फार मोलाचं वाटतं. नाझींनी छळलेल्या आणि मारलेल्या माणसांच्या नावाचे, तळहाताएवढे पितळी पत्र्याचे दगड ते फुटपाथमध्ये बसवू लागले. तेही त्या माणसांनी स्वतःच्या मर्जीने निवडलेल्या शेवटच्या घरासमोर. २०२३ पर्यंत असे एक लाख दगड बसले. ते घर त्यांच्या मालकीचं होतं का, याच्याशी त्या दगडाला काहीच देणंघेणं नाही. तिथे राहत होते, एवढं पुरे.

सरकारी कागद नसले तरी हात टेकू नका. सार्वत्रिक मताधिकारानंतरच्या मतदारयाद्या, शाळेच्या दाखल्यांवरचे पत्ते, वीजमीटर कोणाच्या नावावर होता, जुन्या पाकिटांवरची नावं, यांतून राहणारे सापडतात. आणि वयस्कर शेजारी आहेत तोवर त्यांच्याशी बोला. फक्त ‘हे घर कोणाचं होतं?’ असं विचारू नका. मालकाचं नाव येतं आणि बोलणं तिथेच संपतं. पोस्टमन तिथे कोणाच्या नावाने हाक मारायचा, रात्री उशिरापर्यंत कोणाच्या खिडकीत दिवा असायचा, लहानपणी कोणाच्या ओरडण्याला घाबरायचात, असं विचारा. मग माडीवरचे मास्तर आठवतात, जिन्याखालच्या खोलीत शिवणयंत्र चालवणाऱ्या ताई आठवतात, एकच वर्ष राहून गेलेलं जोडपंही आठवतं. ऐकलेलं त्याच दिवशी लिहून ठेवा, कोणी सांगितलं तेही लिहा, आणि नाव मतदारयादीत पडताळून पाहा. आठवणीतली सालं हमखास मागेपुढे होतात, माणसं सहसा नाही.

जप्ती, वेडेपण, आत्महत्या असं काही हाती लागलं आणि त्या घरातलं कोणी हयात असेल, तर जाहीर लिहिण्याआधी त्यांना विचारा. नको म्हणाले तर तेवढा मजकूर गाळा, पण नावं आणि राहिल्याची वर्षं घराच्या कागदांच्या फाइलमध्ये लावून ठेवा, खरेदीखताच्या मागेच.