३०१ म्हणजे कायमचं हो, कायमचं!

'तात्पुरतं' आणि 'कायमचं' यातला फरक कळायला पदवी लागते का? म्हापशात बसून मी लोकांच्या वेबसाइटी निस्तरतो, आणि दर वर्षी तोच तमाशा. होमस्टेवाला पावसाळ्यापुरतं बुकिंगचं पान बंद ठेवतो. आधीचा डेव्हलपर काय करतो? ३०१ ठोकतो, म्हणजे 'या पानाऐवजी त्या पानावर जा' असं ब्राउझरला सांगणारा सर्व्हरचा आकडा! अहो, ३०१ म्हणजे बिऱ्हाड कायमचं हललं. ब्राउझर ते लक्षात ठेवून बसतो. ऑक्टोबरात पान उघडलं तरी जुनं गिऱ्हाईक आपलं 'पावसाळ्यानंतर भेटू'वरच. मग शिव्या मला. तात्पुरत्यासाठी असतं ते ३०२ लिहिताना बोटं झिजतात?

आणि पीएचपीतली, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या कोडच्या भाषेतली, पाहुण्याला दुसऱ्या पानावर धाडणारी ती हेडरची ओळ! तिच्याआधी काही म्हणजे काही बाहेर पडता कामा नये. काल दोन तास 'हेडर्स ऑलरेडी सेंट' ही एरर बघत बसलो, समोर पातळभाजी थंड, पाव वातड. सापडलं काय? फाइलच्या तोंडाशी, पीएचपी कोड सुरू होतो त्या खुणेच्या वर, एक कोरी ओळ. कोरी!

बरं, त्या हेडरमधून लोकेशन, म्हणजे नवा पत्ता, पाठवल्यावर खाली एक्झिट, म्हणजे कोड थांबवायची आज्ञा, कोण लिहिणार? देव बोडगेश्वर? तो म्हापशाचा राखणदार, तुमच्या सर्व्हरचा नव्हे! पाहुण्याला लॉगिनकडे पिटाळलं म्हणून निवांत झोपता, आणि मागे कोड चालूच. उत्तराच्या पोटातून अख्खं अ‍ॅडमिनचं पान बाहेर जातंय.

आज आणखी एकाचा फोन आला. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाला पत्ता बिनडब्ल्यूवाल्याकडे पाठवतोय, तो परत याच्याकडे. "साइट फिरते फक्त, उघडत नाही." फिरणारच! दोघांनाही घरात घ्यायचं नाहीये कुणाला.