कार्लसनने तेव्हा कास्पारोव्हला हरवलं नव्हतं

‘तेरा वर्षांच्या पोराने जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं, तेही कंटाळून इकडेतिकडे हिंडत!’ अशा मथळ्याची एक क्लिप अधूनमधून फिरत असते. क्लिप खरी आहे. मार्च २००४, आइसलँडच्या रेक्याविकमधली जलद (कमी वेळाच्या डावांची) बुद्धिबळ स्पर्धा, पांढऱ्या मोहऱ्यांनी मॅग्नस कार्लसन. मथळ्यात मात्र ‘तेरा वर्षांच्या’ एवढंच धड आहे.

‘हरवलं’? डाव बरोबरीत सुटला. लगेचचा दुसरा डाव, जो कुणी फॉरवर्ड करत नाही, तो कास्पारोव्हने जिंकला. स्पर्धा बाद पद्धतीची होती, त्यामुळे कार्लसन दीड-अर्धा गुणांनी (विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा) तिथेच बाहेर पडला. त्या मुक्कामात त्याने हरवलं होतं ते माजी जगज्जेत्या कार्पोव्हला, ब्लिट्झमध्ये, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट डावात.

‘जगज्जेत्या’? कास्पारोव्हचा किताब २००० सालीच लंडनमध्ये क्रामनिकने घेतला होता. रेटिंगमध्ये, म्हणजे खेळाडूची ताकद मोजणाऱ्या आकड्यात, कास्पारोव्ह अजून पहिला होता, एवढंच.

‘कंटाळून’? आपली चाल खेळून झाली की उठायचं आणि शेजारच्या पटांवर डोकवायचं, हे बुद्धिबळात सगळेच करतात. गल्लीतल्या स्पर्धेतही दिसेल.

याच्या उलट टोकाचं म्हणणं मला जास्त खटकतं: ‘लहान मुलगा म्हणून कास्पारोव्हने बरोबरी सोडली.’ डाव पाहिलेला माणूस असं म्हणणार नाही. काळ्या मोहऱ्यांनी कास्पारोव्ह अडचणीत होता. कार्लसनला जिंकायची संधी होती, पण घड्याळात वेळ उरला नव्हता आणि ती निसटली. दया दाखवायच्या स्थितीत असलाच तर तो पोरगाच होता.

आणि ‘बरोबरीत काय मोठंसं?’ म्हणणाऱ्यांसाठी हिशेब. रेटिंग कास्पारोव्हचं २८३१, कार्लसनचं २४८४, फरक ३४७. ज्यावर हे रेटिंग चालतं त्या एलोच्या सूत्राप्रमाणे एवढ्या फरकाला वरच्या खेळाडूकडून डावामागे सरासरी ०.८८ गुण अपेक्षित असतात, खालच्याकडून ०.१२. म्हणजे दोन डावांत कार्लसनच्या वाट्याला पाव गुणही येत नव्हता. त्याने अर्धा घेतला. एक डाव हरूनही अपेक्षेच्या दुप्पट!

‘कास्पारोव्हचं रेटिंग घसरलं’ हेही जोडीला येतं. जलद डाव तेव्हा फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) रेटिंगला धरतच नसत. त्यांचं वेगळं रेटिंग २०१२ मध्ये सुरू झालं. त्या अर्ध्या गुणाने दोघांच्याही आकड्यात काडीचा फरक पडला नाही.